इतर (कृपया स्पष्ट करा)

विद्यार्थी मंडळाच्या खोलीत माझं टेबल
झेरॉक्स मशीनच्या मागे.
दारावर अजून ‘क्रीडा साहित्य’ लिहिलेलं,
आत मी, दोन फुटके कॅरम,
आणि ‘धोरण संशोधक’ हे पद, जे आईला
फोनवर सांगताना
‘ऑफिसचंच काम आहे गं’ एवढं होतं.

मार्चमध्ये आम्ही विचारलं:
अभ्यासिका आठला बंद होते.
त्यानंतर तुम्ही कुठे अभ्यास करता?
घरी. वसतिगृहात. मित्रमैत्रिणींकडे.
इतर (कृपया स्पष्ट करा).

सहाशे बारा अर्ज आले.
पहिले तीन रकाने दुपारच्या चहाआधीच भरले.
मग चौथा.

करावे गावात, मामाच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. दिवा चांगला आहे.
जुईनगरला, एटीएमच्या आत. वॉचमन ओळखीचा.
घरीच, पण घर म्हणजे जिना समजा.
हॉलमागे, केटरिंगची पातेली वाळतात तिथे. मुहूर्त नसेल त्या दिवशी.
करत नाही. विचारल्याबद्दल आभार.

आणि एक, हिरव्या शाईत:
तुमच्याच अभ्यासिकेत. बाहेरून.

टवाळ कुणीतरी, मी म्हटलं,
आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: अवैध.

निनाद भोईर, आमचा अध्यक्ष, भला मुलगा,
बाइकची चावी बोटावर फिरवत म्हणाला,
इतर अकरा टक्के, लिहून टाक ना.
नेरुळच्या पाणथळीवर ते रोहित मोजणारे येतात,
एक घोळका मोजतात आणि गुणतात.
चोची कुणी मोजत नाही.

बरोबर होतं त्याचं.
मी पातेल्यांना ‘अनौपचारिक जागा’ म्हटलं,
जिन्यालाही.
कोळंबीला काय म्हणावं ते सुचेना.

सव्वादहाला निघाले.
पामबीचवर गाड्यांचा एकसुरी घूंघूं,
आणि अभ्यासिकेला कुलूप,
आत मात्र मागच्या भिंतीचे सगळे दिवे चालू.
चौदा. मोजले मी, सवयच आता.
रात्रपाळीचे तांडेल मामा म्हणाले,
ते बटण गणपतीपासून जळालंय.
तक्रार कुठल्या विभागाने करायची
ते अजून ठरत नाहीये.

खिडकीखाली, जनरेटरच्या कट्ट्यावर,
उजेडाचा चौकोन पडतो बरोब्बर तिथे
एक मुलगी.
मांडीवर कॉस्ट अकाउंटिंग,
कानामागे हिरवं पेन,
पायाशी डासांची अगरबत्ती, अर्धी विझवून जपलेली.

तिने मान वर केली.
ताई, दिवे बंद करायला आलात का?

नाही म्हणाले. घाईघाईने. दोनदा.

आता अहवालाचं अठरावं पान उघडं आहे.
मुद्दा बिनतोड आहे:
वीज जळतेच आहे, महोदय,
वाढीव खर्च फक्त एका किल्लीचा
आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचा.
उपकुलसचिव चष्मा पुसतील,
म्हणतील, वा, छान अभ्यास आहे,
किल्लीसाठी समिती नेमतील,
आणि समिती बसायच्या आत
इलेक्ट्रिशियन पाठवतील.
बटण पंचेचाळीस रुपयांचं.
तेही शोधून ठेवलंय मी, तळटीप सहा.

‘अवैध’ खोडलं. कागद जरा फाटला.
शेडच्या खाली, जिन्याच्या खाली
तिची ओळ जशीच्या तशी टाइप केली,
पूर्णविरामांसकट.
तळटीप सहा काढली.
परत टाकली.
मुद्दा तिच्याशिवाय लंगडतो, आणि
तिच्यासकट चालत गेला तर
थेट त्या बटणापाशीच जाईल.

निनादचा मेसेज: झालं का? आज रात्रीच पाठवायचंय.

लिहिलं, आकडे जुळत नाहीयेत रे,
गुरुवारपर्यंत थांब.

कॉस्टिंगचा पेपर बुधवारी आहे.