बारीक ओरखडे

सुपरमार्केटात, मांजराच्या खाण्याशेजारच्या फळीवर
ती बाटली आली.
सहा पौंड. फवारा, पुसा, चमका.
पुसायचं फडकंही फुकट, बाटलीच्या गळ्यात अडकवलेलं.
स्वॉन्झीत ती मार्चमध्ये आली
आणि मेपर्यंत माझ्या वहीतले शनिवार
कोरे दिसू लागले.

खोटं कशाला बोलू, मीही एक आणली.
शटर खाली ओढून
बायकोच्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर
मधोमध चिकटपट्टी लावली:
डावीकडे माझे सहा तास,
उजवीकडे तिची सहा मिनिटं.
शेजारच्या लोवरीला बोलावलं, म्हटलं, सांग.
तिनं उजवीकडे बोट ठेवलं.
मग म्हणाली, "का डावी? थांब हं."
मी चहा टाकायला आत गेलो.

इद्वलनं मला हाताशी घेतलं त्याला एकतीस वर्षं झाली.
पहिला महिनाभर मशीनला शिवू दिलं नाही.
चिकणमातीचा एक गोळा दिला आणि म्हणाला,
ओल्या पत्र्यावरून फिरव, आणि ऐक.
रुळांवरचा लोखंडाचा कीस, डांबर, समुद्राचं मीठ,
माती प्रत्येकावर वेगळी अडखळते.
तीन आठवडे मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
चौथ्यात आलं, ते पुन्हा थांबलंच नाही:
अजून कुणाचा हात हातात घेतला
की तळव्याला त्याचे घट्टे ऐकू येतात.
हात बसतो म्हणतात तो असा.
आणि बसला की उठत नाही,
गिऱ्हाईक उठून गेलं तरी.

इद्वल म्हणायचा, एम्रिस,
पॉलिश लावत नसतात, काढत असतात.
ओरखडा बुजत नाही कधी.
भोवतीचा रंग त्याच्या पातळीला उतरवायचा, एवढंच.
वरचा पारदर्शक थर केसाहून पातळ,
त्यातलं तू दर खेपेला थोडं खाणार.
तेव्हा मशीन कधी उचलू नये
हे कळायला लागलं, की मला येऊन सांग.

हे बोलणं यंदा फार टोचलं.
कारण बाटली काहीच खात नाही.
ती वर एक पातळसं खोटं पसरते,
आठ पावसांत ते धुऊन जातं,
खाली गाडी होती तशी.
आणि मी, खरं दाखवायच्या नादात,
किती गाड्या झिजवल्या त्याचा हिशेब नाही.

नोव्हेंबरात इद्वल गेला.
बेव्हन यांची काळी शववाहिनी
वीस वर्षं माझ्याकडे यायची, दर सहा महिन्यांनी.
या वसंतात आली नाही, मीही विचारलं नाही.
चॅपलच्या चढावर ती हळू वळली
आणि तिरकं ऊन तिच्या दारावर पडलं.

दिसलं मला.
सूर्याभोवती गोल गोल, हजार बारीक रेघा,
कोळ्यानं जाळं विणावं तशा.
कुणीतरी कोरड्या फडक्यानं घाईत पुसलेलं,
आणि त्यावर ती चकाकी, सहा पौंडांची.
लोक टोप्या काढून उभे होते.
मी एकेकाचा चेहरा पाहत गेलो,
आणखी कुणाला दिसतंय का म्हणून.
ज्याला दिसलं असतं
तो काचेच्या आत आडवा होता.

बेव्हनची मुलगी हेलेद शेजारी येऊन कुजबुजली,
"बरी दिसतेय ना? पहाटे उठून मीच केली.
त्याची होती ना शेवटची, म्हणून."
तिच्या नखांत अजून काळं होतं.
छान दिसतेय, म्हटलं.
दारात टेकडी होती, ढग होते,
काळ्या कपड्यांतले आम्ही सगळे होतो,
जरासे धूसर.

खिशात फडकं होतं, ते खिशातच राहू दिलं.
दोन पावलं सरकून
मी उन्हाच्या आणि दाराच्या मधे उभा राहिलो,
त्याला आत नेईपर्यंत.