चालु

पार्सल पुण्याहून आलं, लेकीनं पाठवलेलं.
आत एक शिकंजा, एक पोलादी दांडी,
पाच दगड, बिस्किटाएवढे,
आणि काडेपेटीसारखं यंत्र, कोन सांगणारं.
दत्तनगरच्या खोलीत, जिथं रात्रपाळीहून येऊन
मी आजवर नुसती पाठ टेकली,
तिथं खिडकीपाशी पाटावर मांडलं सगळं.

मी जॉबर. जकार्डचे हूक, फण्या, धोटे
अंधारातही हाताला कळायचे.
चादरीचे माग भंगारात गेले, किलोवर.
हात नाही गेले. ते दोन वर्षं
मांडीवर पडून होते,
काम नसलेल्या पाहुण्यासारखे.

पहिली सुरी घरचीच.
राजमणी तिला कपाच्या बुडावर घासायची,
चहा संपला की, उभ्याउभ्या.
मी धारेवर मार्करची काळी शाई ओढली,
दांडी वीस अंशांवर आवळली,
दगड एकदाच फिरवला
आणि चष्मा लावून पाहिलं शाई कुठं गेली:
टोकाशी सगळी, पोटाशी थोडी,
मुठीजवळ तर दगड पोचलाच नव्हता.
तीस वर्षांची तिची घाई
तिथं काळी राहिली होती.

जुना कोन मोडायला वेळ लागतो.
खेप, खेप, खेप.
पाटावर करडा चिखल.
मग कधीतरी पलीकडच्या अंगाला
नखाला अडते एक तार, केसाहून बारीक.
ती आली की समजायचं,
या बाजूचा दगड
त्या बाजूच्या कडेपर्यंत पोचला.
सुरी उलटायची. पुढचा दगड घ्यायचा.
तो आधीच्याचे ओरखडे पुसतो
आणि आपले ठेवतो,
नव्या जॉबरनं जुन्याची सेटिंग बदलावी तसे.
शेवटी चामडं, हिरवी पेस्ट.
धारेत ट्यूबलाइट उतरली,
मागोमाग माझी मिशी, पांढरी, उलटी.
हातावरचे केस काढून पाहिले. निघाले.
आठवडाभर माझा डावा हात
लहान पोराचा दिसत होता.

गल्लीत बातमी गेली. सुऱ्या आल्या.
लक्ष्मी मार्केटातून दस्तगीर बागवानची आली,
वीतभर, पातं झिजून पोटात गेलेलं.
दोन रात्री दिल्या तिला. आरसा करून दिली.
तिसऱ्या दिवशी तो दारात:
"जॉबरसाब, पपईला झ्याक हाय.
टमाट्यावर घसरती.
गिऱ्हाइकासमोर दाबाया लागतंय,
रस ह्यो बघा, शर्टावर.
दात ऱ्हाऊ द्या की थोडे."

मला राग आला. दाखवला नाही.
बारीक दगड डब्यात ठेवले,
दुसऱ्या नंबरच्या दगडावर दहा खेपा, हलक्या.
चमक गेली. अंगठ्याला धार खरखर लागली,
नव्या चादरीच्या उलट्या अंगासारखी.
त्यानं चार डाळिंबं दिली मजुरी, एक फुटलेलं.
फुटलेलं मी आधी खाल्लं.

घरच्या सुरीनं राजमणीचं बोट कापलं
पहिल्याच दिवशी, कांद्याबरोबर.
ती हसली. हळद लावली.
कडक भाकरीला सुरी लागत नाही, म्हणाली,
शेंगाचटणीलाही नाही;
एवढी धार ठेवायची कुठं?
दुसऱ्या दिवशी कप उलटा दिसला, मोरीजवळ.
बुडावर ताजी काळी रेघ.

काल रात्री साडेअकराला
तीच सुरी मी पुन्हा शिकंज्यात धरली.
शाई. दांडी. अर्धा अंश खाली.
आतून ती म्हणाली, "चालु."

आमच्या घरच्या तेलुगूत
चालु म्हणजे पुरे.
कारखान्यात सुपरवायझर फळ्यावर लिहायचा:
माग नंबर चौदा, चालू.

दांडी हातात होती.
कुठल्या भाषेत ऐकावं, ते ठरेना.
तोवर दगडाखालून
एक आवाज येत राहिला, बारीक,
फणीतून सूत ओढल्यासारखा.