झाकण

कार्मेलोत जुलैची थंडी
माणसांच्या आधी पान्यांत शिरते.
पहिला पाना मी काखेत धरून बसते
यामांदू येर्बाच्या तुंब्यात गरम पाणी ओतेपर्यंत.

डॉन एल्बियो आले ते झाकण घेऊनच,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मासळी आणावी तसं.
त्यांची मॉरिस अडतीस सालची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी,
ओढ्याकाठच्या शेडमध्ये सतरा वर्षं विटांवर उभी.
पाण्याच्या पंपाचं हे झाकण
कडेनं पांढरं पडून झडलेलं, रवाळ, हाताला लागणारं.
म्हणाले, "नेलिदा, असंच कर. हुबेहूब."

हुबेहूब हा शब्द गिऱ्हाइकाचा.
झिजलेली वस्तू मोजायला घेतली
की आधी झीजच मोजली जाते.
व्हर्नियरच्या जबड्यात धरायचं,
आणि जे उरलंय त्याला
जे गेलं त्याच्याबद्दल विचारत राहायचं.
खोटं बोलतं ते. कानाकोपऱ्यात क्वचित खरं.

साच्याची पट्टीही वेगळी आमची,
मीटरमागे तेरा मिलिमीटर जास्त,
कारण ओतलेलं अॅल्युमिनियम निवताना अंग चोरतं.
या पट्टीनं कापड मोजून विकणारा
महिन्याभरात दुकानाला कुलूप लावेल.

रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, घासलं,
तेव्हा खालच्या अंगाला कानशीच्या खुणा दिसल्या:
तीन तिरप्या, एक आडवी.
फियोरावांती.
म्हणजे हे मूळ नव्हेच.
हे याच शेगडीवर, याच खिडकीखाली
त्यानं कधीतरी ओतलेलं.

नऊ वर्षं मी त्याचा कीस झाडला.
लेथमध्ये बाईचे केस अडकतात, म्हणायचा.
स्वतः टकला,
आणि उजव्या हाताची करंगळी लेथनंच नेलेली.

डावीकडचं खालचं भोक
अर्धा सूत सरकलेलं होतं.
तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजलं ते
निव्वळ आनंदासाठी.

मी दुरुस्त केलं.
यामांदूनं जुने पिस्टन वितळवले, वाळू ठोकली,
मी भोकं पाडली, प्रत्येक आपापल्या जागी,
आणि त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवले.

शेडमध्ये तीन बोल्ट गेले.
चौथा जाईना.
फिरवला, तेल सोडलं, शिवी दिली, जाईना.
डॉन एल्बियो बॅटरी धरून उभे,
खोकले, आणि दुसरीकडे बघू लागले.
मग इंजिनच्या अंगावर मला ते दिसलं:
मूळ भोक पितळेनं बुजवलेलं,
शेजारी नवं. अर्धा सूत डावीकडे.
झाकण चुकलं म्हणून म्हाताऱ्यानं
इंजिनच हलवलं होतं!
आणि इतक्या वर्षांत ती चूक
गाडीच्या अंगवळणी पडलेली.

परत आले. साचा पुन्हा कोरला.
अर्धा सूत चुकायला
मला बरोबर यायला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला,
हात ऐकेना.
खुणा काही केल्या नाहीत मी, ना तिरप्या ना आडवी.
वाळू ठोकताना डोक्यावरचा रुमाल सुटला होता,
एखादा केस पडला असेल आत
तर असेल.

पहिलं झाकण फळीवर आहे, बिलांवर वजन म्हणून.
निर्दोष आहे.
ते बसेल अशी गाडी या गावात नाही.

रविवारी मॉरिस निघाली.
फिरत्या पुलाच्या मधोमध डॉन एल्बियोंनी थांबवली,
गुडघा टेकून खाली वाकले, बोट लावलं, वास घेतला.
एक थेंब. थोड्या वेळानं आणखी एक.
मी पान्याकडे हात नेला.
"राहू दे," ते म्हणाले,
"एवढं आधीही गळायचं."