सव्वा किलो रात्र

चटणी तोलायच्या काट्यावर ठेवून बघितली मी.
सव्वा किलो, वर थोडी.
एवढीच असते म्हणे एक रात्र,
तीही मशिनीतली पाण्याची डबी काढून ठेवली तर.

डबी लावली की हवा ओली येते,
पण बॅटरी दोनलाच मान टाकते.
"घसा कोरडा पडला तर पडू दे," हे म्हणाले,
"जन्मभर सुताचं तूस गिळलंय मी."

शेवटचा माग भंगारात गेला, तोही किलोवर.
दोन हमाल आणि एक टेम्पो लागला उचलायला.
त्याचे जे आले
त्यात ही आली, माझ्या शबनममध्ये मावणारी.
दुकानातल्या मोईनने बिल करताना दोनदा सांगितलं,
मावशी, गाडीतल्या सॉकेटवर विसंबू नका,
रात्री अकरानंतर त्यात वीज नसते.

तीन वर्षं आम्ही कुठे मुक्काम केला नाही.
अक्कलकोटला गेलो तरी शेवटची एसटी गाठून परत.
सिद्दीपेटला नणंदेच्या नातवाचं बारसं
आम्ही फोनवर जेवलो.
भूदेवी रुसली. म्हणाली, माग विकून शेठ झाला माझा भाऊ.
तिला कसं सांगू,
ह्यांच्या उशाला भिंतीतलं बटण लागतं,
आणि भिंत काही पिशवीत येत नाही.

आधी आजार म्हणून कळलंच नव्हतं.
आमच्या दत्तनगरात घोरणं कुणाला ऐकू येणार?
अलीकडे माग, पलीकडे माग,
बाळंतिणीसुद्धा त्या ठोक्यावर झोपतात.
मग एका रात्री वीज गेली.
गल्ली एकदम गप्प.
त्या गप्प झालेल्या गल्लीत मला ऐकू आलं
की हे पण थांबलेत.
मी मोजायला लागले. तेलुगूत मोजत होते,
आईने शिकवलेले आकडे, घाबरल्यावर तेच येतात.
सव्विसाव्याला
तुटलेला धागा बोटाने ओढून गाठ मारावी
तसा श्वास पुन्हा लागला.

आता नाकावर मास्क, डोक्याला पट्टा, छातीवर नळी.
समोरच्या बर्थवरच्या पोरानं विचारलं,
आजोबा विमान चालवतात?
त्याच्या आईने त्याला चिमटा काढला.
मी म्हटलं, नाही रे, झोप चालवतात.

कलबुर्गीला चार हिरवे ठिपके.
वाडीला तीन. गाडी बराच वेळ उभी राहिली,
चहावाला आला, गेला, ठिपके तीनच.
तांडूरला एक.
मी पदराखाली धरून बसले होते तिला,
दिवा वाऱ्यात धरतात तशी.
ती गरम लागत होती हाताला, थोडी, तापातल्या कपाळाइतकी.
विकाराबादच्या पुढे ठिपका मिचकायला लागला.
उठवावं का? नुसतं कुशीवर वळवावं?
तेवढ्यात हेच जागे झाले, पट्टा काढला,
गालावर त्याचा वळ, आणि म्हणाले,
"बाहेर उजाडलं की गं.
तू कुठं झोपली होतीस?"
मी उत्तर दिलं नाही. भाकरी काढली.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये
मिक्सरच्या शेजारी लावून ठेवली ती दिवसभर.
आचारी दोनदा पिन काढायला आला,
दोनदा मी उभी राहिले.

रात्री पन्नास माणसं एका सतरंजीवर,
त्यात काही आमच्याच चादरी, मीच नेलेल्या आहेर म्हणून.
अडीचला वीज गेली.
पंखे थांबले, पोरं रडायला लागली,
कुणी हातपंखा शोधतंय, कुणी जनरेटरवाल्याला शिव्या.
मग हळूहळू सगळे दमून गप्प झाले.

आणि त्या अंधारात एकच गोष्ट चालू होती.
स्स… हं. स्स… हं.
भूदेवी उठून बसली. माझा दंड धरला तिनं.
"वहिनी, हे काय वाजतंय?"

म्हटलं, तुझा अन्नय्या. झोप.