हुणशी

कॅम्पातल्या रद्दीवाल्या मुजावरकडं मिळाला नकाशा,
कापडावर डकवलेला, आठ घड्यांचा.
"चारशे द्या अक्का. गाव नाही सापडलं तर परत आणा."

खानापूर तालुका. एक इंचाला एक मैल.
मलप्रभा निळी, तिचे ओढे कपाळावरच्या शिरांसारखे,
रेल्वे काळ्या टाक्यांची,
पन्नास-पन्नास फुटांनी चढत जाणाऱ्या तपकिरी रेषा,
आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत
कुठल्या हिवाळ्यात कोण हिंडलं, त्याची नोंद.

आम्ही हुणशीकर.
हुणशी कुठं, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.
अप्पा म्हणायचे, घाट उतरून कोकणात असणार.
आत्या म्हणायची, प्लेगात उठलं, पुन्हा बसलं नाही.
दोघंही ठाम.
न पाहिलेल्या गावाबद्दल ठाम राहायला काय लागतं!

स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
शटर अर्धं ओढून नकाशा काचेवर पालथा घातला,
दोनशे टक्के मोठा केला, मग चारशे.
मोठे झाले ते कापडाचे दोरे.
गाव घडीत होतं.
शंभर वर्षं ज्या ज्या हातांनी नकाशा मिटला
त्यांनी थोडं थोडं पुसत नेलेलं;
चार पोकळ चौकोन, एक झाड, एक निळं वर्तुळ,
इंग्रजीत अर्धं नाव,
आणि त्याखाली तिरक्या अक्षरांत
एकच शब्द, ओसाड अशा अर्थाचा.

बाजूच्या फोटो स्टुडिओतला मल्लेश डोकावला.
"हुणसे? म्हंजे चिंच की वो अक्का, आमच्यात."

मी मशीन बंद केलं.
पाटीवरच्या अक्षरांपायी
हिंडलग्याच्या तुरुंगात अकरा दिवस काढलेले अप्पा,
आणि प्रत्येक मोर्चात त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर
हे आडनाव.
चिंच त्यांची, कर आमचा.
कुणी शिवलं असेल, इतकं बारीक?

रविवारी स्कूटरवरून गेले.
गाडीवाटेच्या तुटक रेषेवर आता काजू आहेत, कुंपणासकट.
बावीसशे पन्नास फुटांची रेषा
मला सेकंड गिअरमध्ये कळली.
चिंचा तीन होत्या. नकाशात एकच.
कुठली ती, हे विचारायला माणूस नव्हता,
एक म्हैस होती, तिनं मान वळवली नाही.

जोती नाहीत. चौकोन नाहीत.
घाणेरीत हात घालून, ओरबाडून घेऊन
विहिरीचा काठ मात्र सापडला.
काळ्या दगडात दोराच्या खाचा,
दोन उथळ, एक खोल.
खोल खाचेत करंगळी ठेवली.
बसली.
आत दगडमाती, वर एक निळी चप्पल.

नाव सांगणारा कोण असेल, याचा विचार परतताना करत होते.
झेंडा धरून उभा असलेला कुणी खलाशी?
दुसऱ्या वाडीचा गुराखी?
इथलं तर कुणी उरलं नव्हतं.
साहेबानं विचारलं असेल, हे काय?
आणि त्यानं झाडाचं नाव सांगितलं असेल,
गावाचं नाहीच.
म्हणजे गावाला दुसरंच काही नाव असेल.
हे मी अप्पांना सांगणार नाही.

बाकी सगळं सांगितलं.
डाव्या कानाशी, मोठ्यानं, चिंचेसकट.
मला वाटलं चिडतील.
ते नकाशावर बोट फिरवत राहिले, चष्मा न लावता,
घडीवर थांबले.
"पाणी हाय काय गं हिरीला?"

वर्तुळ निळं होतं. नकाशात निळं म्हणजे पाणी असलेली.
"हाय," मी म्हणाले.

पिशवीतल्या चिंचा त्यांनी वर्तमानपत्रावर ओतल्या,
आणि चिंचोके वेगळे काढायला बसले,
एकेक, पुसून,
कुणीतरी मोजायला सांगितल्यासारखे.