परहस्ते

पायसान्दूच्या त्या लोकरीच्या गुदामात
बावीस वर्षं मी दोन सह्या केल्या.
एक माझी, महिनाअखेरीस, पगाराच्या वहीत.
दुसरी मालकांची,
दिवसातून तीस-चाळीस वेळा.

पहिल्यांदा ते बुटात पाय घालता घालता म्हणाले,
नेलिदा, मी मेंढ्या बघायला निघालोय,
तूच कर सही, कोण बघतंय.
त्या संध्याकाळी मी टीपकागदावर
एवारिस्तो बेंतांकुर गिरवत बसले.
आडनावाचं पहिलं अक्षर पोट सुटलेलं,
मधली सगळी एकमेकांच्या अंगावर पडलेली,
आणि शेवटच्या र ची शेपटी थेट कागदाच्या काठापर्यंत.
सुरुवातीला मी वर बारीक 'करिता' लिहायचे.
मग ते लिहायचं राहून जाऊ लागलं.
मग राहिलंच.

ब्रॅडफर्डच्या गिरणीला: गासड्या बोटीवर चढल्या,
वजनात फरक आल्यास कळवावे.
बँकेला: मुदत वाढवून मिळावी.
नगरपालिकेला, नाल्याबद्दल, सतरा वेळा.
कातरणीवरचा बिदेगाईन घोड्यावरून पडून गेला
तेव्हा त्याच्या बायकोला 'दुःखात सहभागी' लिहून
मी थांबले, आणि पुढे घातलं
की कातरताना तो गायचा
आणि मेंढ्या हलायच्या नाहीत.
तो गायचा हे मालकांना माहीत नव्हतं.
ती बाई पुढे रस्त्यात भेटली की
त्यांचा हात दोन्ही हातांत धरायची.
ते आपले गोंधळून टोपी काढायचे.

मोंतेविदेओला शिकणाऱ्या आम्पारोला
वाढदिवसाचं पत्र दर ऑगस्टात जायचं.
खाली 'तुझे वडील, ए. बेंतांकुर',
असंच सांगितलेलं होतं.
पाचव्या वर्षी मी नुसतं 'बाबा' लिहिलं.
तिचं उत्तर तीन पानी आलं.
ते मी त्यांच्या टेबलावर ठेवलं,
पेपरवेटखाली, उघडून.

गुदाम विकलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट.
ते पैसे काढायला बँकेत गेले, एकटे.
खिडकीतल्या पोरानं कार्ड काढलं, चष्मा पुसला,
म्हणाला, सही जुळत नाही.
पुन्हा केली. जुळेना.
तिसऱ्यांदा रांगेतले लोकही वाकून बघू लागले.
जुळणार कशी,
कार्डावरचा नमुनाही माझ्याच हातचा.

संध्याकाळी ते माझ्या दारात. टोपी हातात.
मी भोपळा चिरत होते.
नेलिदा, म्हणाले, मला माझी सही शिकव.

सालं बाजूला सारून मी त्यांना टेबलाशी बसवलं,
जुन्या पावत्यांच्या पाठी पुढ्यात ठेवल्या.
पोट आधी, म्हटलं, सावकाश.
इथे थोडं रागवा.
आता मधलं सगळं गडबडीत,
आणि शेपटी अशी ओढा
की समोरच्याला वाटावं तुम्हाला गाडी गाठायचीय.
हात एडक्यासारखा अडून बसलेला.
शेवटी मी त्यांची मूठ धरली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
तळवा माझ्या तळव्याहून मऊ निघाला.

सहाव्या-सातव्या पावतीवर ते थांबले.
वर न बघता विचारलं,
आम्पारोचं बाळ गेलं त्या वर्षी
मी तिला काय लिहिलं होतं?

मला पाठ होतं. सांगितलं:
पाळणा इतक्यात माळ्यावर टाकू नकोस.
कुणी काही बोललंच
तर माझं नाव सांग.

बराच वेळ ते भोपळ्याच्या बियांकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
बरोबर लिहिलं मी.

आणि पुढची पावती ओढून घेतली.
ती सही जवळजवळ जुळली,
शेपटी तेवढी माझ्यापेक्षा आखूड.
मी म्हटलं, बँकेत अशी करू नका.
घरच्या पत्रांना चालेल.