सव्वा तोळा

मिरजेला उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा काढला.
बरगडीखाली हात लावला तर
दाभणानं शिवलेलं पोतं.

सन्मती चीनमधून डॉक्टर होऊन आली
तेव्हा तिच्या बॅगेत ही पुडी होती.
वर अक्षरं, आजोबांच्या मोडीइतकीच परकी.
आत कसल्याशा मुळीच्या चकत्या.
"तिकडं काढा देतात, दम भरून यायला.
पण केमो संपेपर्यंत नको, आप्पा.
सरांनी बजावलंय."

पुडी फडताळात, गुळाच्या डब्यामागं.
मी खिडकीशी, प्लास्टिकचं ते खेळणं ओढत :
दोन गोळे उठतात,
तिसरा रुसल्या जावयासारखा बसून.

काल ती ड्यूटीला गेली नि पुडी उघडली.
प्यायची नव्हती. बघायची होती.
सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं हळद तोलली मी
(डॉक्टर म्हणतात, हळदीनं नव्हे, विडीनं).
मूठभर चकत्या तळहातावर घेतल्या :
सव्वा तोळा.
स्वयंपाकघरातला काटा म्हणाला, साडेचौदा ग्रॅम.
हात शाबूत आहे म्हणायचा.

मग नाकाशी नेल्या.
माती. जरासा ज्येष्ठमध.
त्याच्याही खाली काहीतरी, ओळखू येईना,
म्हणून आणखी ओढला श्वास,
आणखी,
शिवण ताणेपर्यंत.